उजळणारे रंग आणि उरणारा प्रकाश

बेंगळुरू मुक्कामी डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापिलेल्या संशोधन संस्थेच्या संग्रहालयात, एरवी सामान्य दगडांहून निराळी न भासणारी खनिजे अंधाऱ्या दालनातील अतिनील दीपाखाली विलक्षण रंगांनी उजळतात आणि दीप मालवताच बहुतेक तत्क्षणी निस्तेज होतात. फ्लुरोसंट रंगाचा स्वभाव नेमका हाच. अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश परत करण्याचा त्याचा व्यवहार सेकंदाच्या काही अब्जांश भागांतच रोखीने पुरा होत असल्यामुळे, उन्हात डोळे दिपविणारा हा रंग काळोखात अगदी निरुपयोगी ठरतो. अंधारात चमकणाऱ्या रंगाचा जमाखर्च निराळा: तांब्याचा अंश असलेल्या झिंक सल्फाइडच्या, किंवा युरोपियमयुक्त स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या स्फटिकांत उत्तेजित इलेक्ट्रॉन जणू सापळ्यात अडकतात आणि उष्णतेच्या कंपनांनी हळूहळू सुटत, पहिल्यात काही काळ तर दुसऱ्यात तासन्‌तास, प्रकाश देत राहतात.

चकाकत्या पट्टीस आपल्याकडे सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, ते मात्र मनाला खटकते. कारण खऱ्या रेडियमच्या रंगाने घड्याळाच्या तबकड्या रंगविताना कुंचल्याचे टोक ओठांनी साधणाऱ्या कितीतरी अमेरिकन तरुणींनी १९२० च्या दशकात प्राण गमावले. त्या रंगाला उजेडाची गरजच नव्हती; किरणोत्सर्गच त्याला अहोरात्र पेटता ठेवी.