नवी सिटी आली की जुनीचा भाव वाढतो

होंडा सिटीच्या मालकाला नव्या मॉडेलबद्दल विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा ‘गाडी छान आहे, पण…’ असं सुरू होतं. या ‘पण’च्या पुढे जे येतं, त्यात खरी मजा आहे. 1998 पासून भारतात या गाडीच्या पाच पिढ्या झाल्या. दर वेळी कंपनीनं ती नव्यानं घडवली आणि दर वेळी जुन्या मालकांनी नाकं मुरडली. पुढचं मॉडेल आलं, की ज्या गाडीला नाकं मुरडली होती तीच ‘खरी सिटी’ ठरली. ही कुरकुर वाया मात्र जात नाही. चार-सहा वर्षांनी ती पुढच्या मॉडेलमध्ये उतरून शोरूममध्ये उभी राहते.

डिकीत स्कूटर

सिटी जन्मली तेव्हा सेडान नव्हतीच! 1981 साली जपानमध्ये आलेली पहिली सिटी म्हणजे जेमतेम 3.4 मीटर लांबीची, उंच कपाळाची हॅचबॅक. तिच्या डिकीत मावेल अशी 49 सीसीची घडीची स्कूटर होंडानं सोबत काढली होती. तिचं नाव मोटोकॉम्पो. हँडल आत दुमडायचं, सीट खाली दाबायची, की स्कूटरची पेटी तयार. गाडी लांब उभी करा आणि उरलेलं अंतर स्कूटरवर कापा, अशी कल्पना. जाहिरातीत ब्रिटनचा ‘मॅडनेस’ हा बँड उड्या मारत होता. पुढे या सिटीची टर्बो आवृत्ती आली, छत उघडणारीही आली. मोटोकॉम्पो मात्र दोन-तीन वर्षांतच बंद पडली. आज शहरात पार्किंग शोधून दमलेल्या माणसाला ही कल्पना पुन्हा पटेल.

सेडान झालेली सिटी 1996 मध्ये थायलंडमध्ये आली. ती खास आशियाई बाजारासाठी बनवलेली होती आणि जपानमध्ये विकलीच गेली नाही. तीच गाडी ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून जानेवारी 1998 मध्ये भारतीय बाजारात उतरली. होंडाची भारतातली ही पहिली कार. तेव्हा मारुती एस्टीम होती, देवूची सिएलो होती, ओपेल अ‍ॅस्ट्रा होती आणि आपल्या नाशिकला जुळणी होणारी फोर्ड एस्कॉर्टही होती. यातली एकही आज शोरूममध्ये नाही. नाव टिकलं ते सिटीचं.

106 वरून थेट 77

सगळ्यात मोठा गहजब झाला तो 2003 साली. त्याआधीच्या सिटीत 2000 पासून 1.5 लिटरचं व्हीटेक इंजिन मिळत होतं, 106 अश्वशक्तीचं. बुटकी, हलकी आणि पिकअपला तिखट. हायवेवर गाडी दामटणाऱ्या तरुणांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. 2003 च्या नोव्हेंबरात नवी सिटी आली. आखूड नाक, उंच पाठ, 14 इंची चाकं आणि बॉनेटखाली 77 अश्वशक्ती. इंजिन तेवढ्याच 1.5 लिटरचं, ताकद मात्र एक चतुर्थांशाहून जास्त कमी. शौकिनांच्या लेखी हा विश्वासघात होता.

कंपनीनं बाजार वेगळा हेरला होता. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते, म्हणजे एकूण आठ. दोन ठिकाणी ठिणगी पडल्यानं इंधन नीट जळतं आणि कमी इंधनात काम भागतं. (त्याच वर्षी बजाजनं पल्सरच्या इंजिनात दोन प्लगचं तंत्र आणलं. 2003 साली दोन प्लगची चलती होती म्हणायची.) पेट्रोलची टाकी मागून काढून पुढच्या सीटखाली बसवली, त्यामुळे मागे ऐसपैस जागा झाली आणि डिकीही मोठी झाली. मागच्या सीटवर आजी-आजोबा पाय पसरून बसू लागले. मग तक्रार कोण करतंय, हे महत्त्वाचं ठरलं. पिकअप गेला म्हणून चालवणारा हळहळला, तर बसणारे खूष झाले. आपल्याकडे गाडी घेताना शेवटचा शब्द बसणाऱ्यांचाच असतो, हे होंडाला आपल्याआधी कळलं असावं.

तरी शौकिनांची हाकाटी ऐकली गेली. पुढे याच पिढीत व्हीटेक परत आलं, 100 अश्वशक्ती घेऊन. 2008 च्या पिढीनं 118 वर उडी मारली आणि मग आकडा जवळपास तिथेच थांबला. 2014 ला 119, 2020 ला 121. बारा वर्षांत वाढली फक्त तीन अश्वशक्ती. त्यावर आज कोणी फारसं बोलत नाही आणि जुन्या 106 वाल्याचा रुबाबही उतरलेला नाही.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’

2008 ची सिटी दिसायला देखणी होती. बाणासारखी रेघ, रुंद बैठक, आणि मालकांचा सूर पहिल्यांदाच जवळपास एकमुखी चांगला. घात केला तो पंपानं. जून 2010 मध्ये सरकारनं पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, डिझेलचे सोडले नाहीत. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांच्या वर आणि डिझेल 41 च्या आत! आणि सिटीला डिझेल इंजिनच नव्हतं. चाकणला बनलेली फोक्सवॅगन व्हेंटो, पाठोपाठ ह्युंदाईची नवी व्हर्ना, दोन्ही डिझेलवर धावत होत्या. सोसायटीत सिटीवाला गाडी धुताना शेजारी व्हर्नावाला महिन्याचा खर्च सांगायचा. 2011 मध्ये होंडाला सिटीची किंमत चांगली अर्धा लाखाहून जास्त उतरवावी लागली.

मग जानेवारी 2014 मध्ये डिझेल सिटी आली. 100 अश्वशक्ती आणि लिटरला 26 किलोमीटरचा दावा. मालकांनी अ‍ॅव्हरेजला दाद दिली, पण इंजिनाच्या खडखडाटावर सगळ्यांचं एकमत झालं. होंडाच्या गाडीत बसून इंजिन चालू आहे की बंद हे कळत नाही, अशी ज्यांना सवय होती त्यांना हा आवाज बोचला. काळाचा विनोद बघा. गाडी आली जानेवारीत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचे दरही मोकळे केले. दोन इंधनांतली दरी मिटत गेली. 2020 च्या पिढीत आवाज बराच दाबला गेला, डिझेल सिटी शांत झाली, आणि एप्रिल 2023 चे कडक प्रदूषण नियम येताच ती कायमची शांत झाली.

बोटाला न सापडणारा एसी

2014 च्या मॉडेलचीच आणखी एक गंमत, आणि मला सगळ्यात आवडणारी. डॅशबोर्डवरची एसीची बटणं आणि गोल खुंट्या काढून होंडानं तिथे गुळगुळीत काळी टच-पट्टी बसवली. शोरूममध्ये ती झकास दिसायची. पण मे महिन्यात, खड्ड्यांतून गाडी हिंदकळत असताना, पंखा एक घर वाढवायला बोट नेमकं कुठे टेकवायचं? खुंटी न बघता फिरवता येते. पट्टीकडे बघावं लागतं, म्हणजे रस्त्यावरून नजर काढावी लागते. वर बोटांचे ठसे, उन्हात चकाकी. ‘बाकी सगळं झकास, एसीची बटणं तेवढी परत द्या’ ही मागणी या पिढीच्या मालकांकडून सतत ऐकू यायची.

जुलै 2020 मध्ये पाचवी पिढी आली. डॅशबोर्डच्या मधोमध तीन गोल खुंट्या! जगभरातल्या गाड्या तेव्हा बटणं काढून पडदे बसवत सुटल्या होत्या आणि सिटी उलट पावली परत आली. ही माघार मला प्रगती वाटते. त्याच गाडीत घरबसल्या अलेक्साला सांगून एसी चालू करायची सोयही दिली होती. पण मालकांकडून कौतुक ऐकू येतं ते त्या तीन खुंट्यांचं.

खालून घासते

हा मात्र न सुटलेला प्रश्न. पाच माणसं, गावाला जायचं सामान, आणि पुढे एखाद्या ग्रामपंचायतीनं उत्साहात घातलेला स्पीडब्रेकर. सिटीचं पोट जमिनीपासून 165 मिलिमीटर वर आहे. चाकणमध्येच बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया 179 मिलिमीटरवर आहेत. फरक 14 मिलिमीटरचा, बोटभरसुद्धा नाही, पण त्या आवाजानं पोटात गोळा आलेल्या माणसाला 14 चा अर्थ कळतो. कोकणात जाणारे सिटीवाले स्पीडब्रेकर तिरका ओलांडण्यात तरबेज झालेले असतात. काही जण मागच्या दोघांना उतरवून पलीकडे पुन्हा बसवतात.

यावर होंडाचा तोडगा काय? सप्टेंबर 2023 मध्ये आलेली एलिव्हेट ही एसयूव्ही. इंजिन सिटीचंच, तेच 121 अश्वशक्तीचं, पण पोट 220 मिलिमीटर वर. ‘खालून घासते’ ही तक्रार ऐकून कंपनीनं सिटी उंच केली नाही, उंच गाडी वेगळी काढून तिची वेगळी किंमत लावली. धंदा म्हणून हुशारी, सिटीवाल्याच्या दृष्टीनं दगाफटका.

डिकी द्या, अ‍ॅव्हरेज घ्या

मे 2022 मध्ये आली हायब्रिड सिटी. लिटरला 26.5 किलोमीटरचा दावा आणि टाकी 40 लिटरची. कागदावर एका टाकीत हजार किलोमीटर होतात. या गाडीला नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. शहरात बहुतेक वेळ चाकं इलेक्ट्रिक मोटर फिरवते आणि पेट्रोल इंजिन तिच्यासाठी वीज बनवत बसतं. हायवेवर एका ठरावीक वेगाला क्लच जोडला जातो आणि इंजिन थेट चाकांना भिडतं. म्हणून नेहमीचं गणित इथे उलटं चालतं. सिग्नलला थांबत-थांबत जाणारा मुंबईकर अ‍ॅव्हरेजवर खूष, आणि शंभर-एकशेवीसच्या वेगानं पुणे-नाशिक करणाऱ्याचा फायदा थोडा कमी.

किंमत मात्र डिकीत मोजावी लागते. साध्या सिटीची डिकी 506 लिटरची, हायब्रिडची 306. मधले 200 लिटर बॅटरीनं गिळले. ज्या गाडीच्या डिकीत 1981 साली स्कूटर मावत होती तिची ही गत. लग्नाच्या खरेदीला निघालेल्या कुटुंबाला हा हिशेब पटवणं सोपं नाही, वर गाडी सुरुवातीलाच एक्स-शोरूम साडेएकोणीस लाखांच्या घरात होती.

हायब्रिडसोबत रडारची नाही, कॅमेऱ्यावर चालणारी सुरक्षायंत्रणाही आली, आणि मार्च 2023 च्या सुधारित मॉडेलमध्ये ती साध्या पेट्रोल सिटीलाही मिळाली. समोरची गाडी जवळ आली तर ब्रेक लावते, रस्त्यावरचा पट्टा (लेन) सोडला तर स्टिअरिंग हलकेच वळवते. आपल्याकडे पट्टा पाळतो कोण, हा प्रश्न जपानी अभियंत्यांना कोणी सांगितला होता की नाही कोण जाणे. रिक्षा आडवी घुसली की गाडी दचकते आणि मागचे प्रवासीही. म्हणून शहरात यातलं काही बंद ठेवायचं आणि एक्सप्रेसवेवर चालू करायचं, अशी वाटणी बऱ्याच मालकांनी केली आहे.

याउलट डावीकडच्या आरशाखालचा कॅमेरा बहुतेकांना हवा असतो. डावा इंडिकेटर दिला की डावीकडून सुळकन घुसणारी मोटरसायकल पडद्यावर दिसते. तक्रार एकच. त्याच क्षणी पडद्यावरचा नकाशा गायब होतो आणि ज्या वळणासाठी इंडिकेटर दिला ते हेच की पुढचं, हे कळेनासं होतं.

चिमूटभर मसाला

चौथी पिढी जगाला पहिल्यांदा दाखवली गेली ती दिल्लीत, 2013 च्या नोव्हेंबरात. हीच गाडी जपानमध्ये ग्रेस नावानं विकली गेली. त्याआधी 2003 च्या आपल्या सिटीला तिथे फिट आरिया म्हणत.

ऑटोमॅटिकवाल्यांचं दैव बघा. 2003 मध्ये सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक होता, 2008 मध्ये काढून पाच गिअरचा ऑटोमॅटिक दिला, 2014 मध्ये सीव्हीटी परत. ‘पाय दाबला की आधी आवाज येतो, मग वेग’ ही तक्रारही परत.

2020 मध्ये नवी पिढी आल्यावरही चौथी पिढी 2023 पर्यंत शेजारीच विकली जात होती. नवी आणि जुनी यांच्यात कोणती बरी, हा वाद मालकांनी पाच पिढ्या घातला. ती तीन वर्षं तो शोरूममध्येच सोडवायची सोय होती.

आणि वापरलेली सिटी बघत असाल, तर गप्पा बाजूला ठेवून हे करा. गाडी लिफ्टवर चढवून पोटावरचे ओरखडे बघा. 2003 ते 2008 मधली साध्या इंजिनाची असेल तर आठही प्लग शेवटचे कधी बदलले ते विचारा. 2014 च्या पिढीतली असेल तर एसीची टच-पट्टी दुपारच्या उन्हात चालवून बघा. ऑटोमॅटिक असेल तर चार माणसं बसवून एखादा घाट चढवा. हायब्रिड असेल तर बॅटरीच्या वॉरंटीचे कागद हातात घ्या, आणि चाचणीला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या.