महानगरातील हायड्रोकार्बन प्रदूषणाच्या स्रोतांची ओळख : मेक्सिको शहराचे उदाहरण

प्रस्तावना :

महानगराच्या हवेचे प्रदूषण म्हटले की वाहनांचा धूर आणि कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर येतात. परंतु सर्वच अपायकारक वायू धुरासारखे दिसत नाहीत. १९५० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिस येथील धुरक्याचा अभ्यास करताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यात सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा ओझोन श्वसनमार्गाचा दाह करतो, दम्याचा त्रास वाढवितो आणि पिकांचीही हानी करतो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. म्हणून त्यावर नियंत्रण ठेवावयाचे असल्यास हवेतील हायड्रोकार्बन कोठून येतात, हे प्रथम निश्चित करावे लागते. ही निश्चिती कशी केली जाते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

स्रोत ओळखण्याच्या पद्धती :

पहिली पद्धत नोंदसूचीची आहे. तीत वाहनांची संख्या, इंधनाचा खप, कारखान्यांचे उत्पादन इत्यादींवरून एकूण उत्सर्जनाचा अंदाज बांधला जातो. मात्र जो स्रोत सूचीत नाही, तो हिशेबातही येत नाही.

दुसरी पद्धत हवेपासून सुरुवात करून उगमाकडे जाते. निर्वात केलेल्या पोलादी डब्यांत शहराच्या विविध भागांतील हवेचे नमुने घेतले जातात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने त्यांतील संयुगे वेगळी करून मोजली जातात. प्रत्येक स्रोताचे मिश्रण वैशिष्ट्यपूर्ण असते. असिटिलीन हे प्रामुख्याने ज्वलनाचे, आयसोपेंटेन पेट्रोलच्या वाफेचे, ईथेन नैसर्गिक वायूचे, प्रोपेन व ब्युटेन हे द्रवीकृत पेट्रोलियम वायूचे (एलपीजी), तर आयसोप्रीन मुख्यतः वनस्पतींचे निदर्शक मानले जाते. तथापि एकट्या संयुगावरून निर्णय करता येत नाही. संयुगांचे परस्परप्रमाण काय आहे आणि ती एकत्र वाढतात वा घटतात काय, यांवरून स्रोत ठरतो.

मेक्सिको शहराचा अनुभव :

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. प्रखर सूर्यप्रकाश आणि कोंडलेली हवा यांमुळे तेथे ओझोननिर्मितीस अनुकूल परिस्थिती असते. १९८९ मध्ये नंबरपाटीच्या अखेरच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस मोटार बंद ठेवण्याचा नियम लागू झाला. १९९१ मध्ये शहरातील तेलशुद्धीकरण कारखाना बंद करण्यात आला. तरीही ओझोनची पातळी धोकादायकच राहिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील डोनाल्ड ब्लेक व शेरवुड रोलंड यांनी या शहरातील हवेच्या नमुन्यांचे विश्लेषण करून १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोपेन आणि ब्युटेनचे दोन्ही समघटक शहरभर मोठ्या प्रमाणात आढळले. ते घरोघरी वापरल्या जाणाऱ्या एलपीजीच्या गळतीतून येत होते. न जळताच निसटणारा आणि अर्धवट जळणारा स्वयंपाकाचा गॅस हा ओझोनवाढीचा महत्त्वाचा घटक ठरला. वाहने निर्दोष ठरली नाहीत. पण केवळ त्यांच्यावर लक्ष केंद्रित केल्याने एक मोठा स्रोत दुर्लक्षित राहिला होता.

येथे प्रमाण आणि अभिक्रियाशीलता यांतील भेद महत्त्वाचा आहे. प्रोपेन विपुल असला तरी त्याची अभिक्रिया मंद असते व तो हवेत अनेक दिवस टिकतो. एलपीजीतील ब्युटीनसारखी असंपृक्त संयुगे अल्प असूनही काही तासांतच अभिक्रिया पावतात व ओझोननिर्मितीस वेगाने हातभार लावतात. त्यामुळे या संशोधकांनी गळती कमी करण्याबरोबरच एलपीजीचे घटकप्रमाण बदलण्याचा उपायही सुचविला. नळ्या, जोड व रेग्युलेटर यांची दुरुस्ती हादेखील वायुप्रदूषण नियंत्रणाचा भाग ठरतो, तो याच कारणाने.

पद्धतीच्या मर्यादा :

अतिक्रियाशील संयुगे नमुना घेण्यापूर्वीच नष्ट होऊ शकतात. दोन स्रोतांची मिश्रणे सारखी असल्यास त्यांत भेद करणे कठीण जाते. अनेक नमुन्यांवर आधारित संख्याशास्त्रीय प्रतिमानांमुळे ही अडचण काही अंशी दूर होते. शिवाय स्रोतांचे चित्र काळानुसार बदलते. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, औद्योगिक देशांतील शहरांत वाहनांचे उत्सर्जन घटल्यावर रंग, शाई, गोंद, कीटकनाशके, स्वच्छताद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने यांचा वाटा खनिज इंधनजन्य बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या उत्सर्जनात जवळजवळ निम्मा झाला आहे.

समारोप :

एका शहराचा निष्कर्ष दुसऱ्या शहराला जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईत रिक्षा व टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर चालतात आणि अनेक घरांत नळाने नैसर्गिक वायू येतो, तर इतर असंख्य घरांत एलपीजीचे सिलिंडर आहेत. अशा शहराचे हायड्रोकार्बन-चित्र मेक्सिकोहून भिन्न असणार, हे उघड आहे. मात्र पद्धत तीच लागू पडते. स्रोत गृहीत धरून नियम करण्याऐवजी हवेचीच साक्ष काढावी, अन्यथा नियमांचा जाच नागरिकांना सोसावा लागतो आणि हवा मात्र दूषितच राहते.