नाताळचं लाटणं

बेथलहेम (पेनसिल्व्हेनिया), डिसेंबर

नोव्हेंबरमधला चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगची सुट्टी, उलटली की अमेरिकेतल्या किराणा दुकानांची मांडणी बदलते. दारातच मैद्याच्या पाच-पाच पौंडांच्या पिशव्यांची थप्पी लागते. शेजारी पिठीसाखर, व्हॅनिलाच्या छोट्या बाटल्या, खायचे रंग. बटरवर सवलत जाहीर होते आणि लोक एका वेळी तीन-चार पौंड बटर घरी नेतात. एरवी बाहेरून मागवून किंवा गोठवलेलं गरम करून जेवणाऱ्या घरांतही या चार आठवड्यांत ओव्हन तापतो. नाताळच्या कुकीज करायच्या असतात, आणि त्या मुलांना हाताशी घेऊन करायच्या असतात.

कुकीजचे प्रकार घरागणिक वेगळे. आलं आणि काकवी घातलेला जिंजरब्रेडचा माणूस बहुतेकांकडे असतो. इटालियन वंशाच्या घरांत बडीशेपेच्या वासाच्या कुकीज होतात, पोलिश वंशाच्या घरांत जॅम भरलेल्या. पण मुलांनी लाटायची, साच्यांनी कापायची आणि रंगवायची ती शुगर कुकी. मैदा, बटर, साखर, एक अंडं, चमचाभर व्हॅनिला, चिमूटभर मीठ, थोडी बेकिंग पावडर. सुका मेवा नाही, मसाला नाही, चॉकलेट नाही. चवीला ती साधी, काहींना तर मिळमिळीत वाटते. पण हा साधेपणा कामाचा आहे. पिठात बदामाचा तुकडा किंवा चॉकलेटचा खडा असला की चांदणीची टोकं नीट कापली जात नाहीत. कुकी सपाट, फिकट आणि रेखीव कडांची हवी, तरच तिच्यावर चार वर्षांच्या मुलाला हिरवं झाड रंगवता येतं आणि आजीला लोकरी मोज्याची वीण काढता येते. ती खाण्यासाठी जितकी आहे तितकीच चौघांनी एकत्र बसून करण्यासाठी आहे. ज्या देशात खाण्याची जवळपास प्रत्येक गोष्ट तयार मिळते, तिथे हे एक काम लोकांनी समजून-उमजून घरात ठेवलं आहे. अमेरिकन नाताळची ही बाजू झगमगत्या दुकानांतून दिसत नाही.

या कुकीचा इतिहास शोधायला बेथलहेमसारखं दुसरं गाव नाही. लीहाय नदीकाठच्या, पाऊण लाख वस्तीच्या या शहराची सुरुवात १७४१ साली झाली. मोरेव्हियन पंथाची माणसं नाताळच्या आदल्या रात्री ओंडक्यांच्या एका घरात जमली होती. त्याच छपराखाली गुरंही बांधलेली होती. काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या उपस्थितीत त्या रात्री या वसाहतीला येशूच्या जन्मगावाचं नाव मिळालं. हा पंथ यान हुस या सुधारकाच्या अनुयायांचा. बोहेमिया-मोरेव्हियातून छळामुळे बाहेर पडलेल्या या लोकांनी आधी सॅक्सनीत हेर्नहूट इथे आसरा घेतला आणि तिथून काही जण अमेरिकेत आले. १९३७ पासून बेथलहेम स्वतःला ‘ख्रिसमस सिटी’ म्हणवतं. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती, तेव्हा इथल्या मोरेव्हियन इमारतींना हेर्नहूटसह वारसा यादीत स्थान मिळालं.

बेथलहेमच्या उत्तरेला, फार लांब नाही, नाझरेथ हे दुसरं मोरेव्हियन गाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथले जर्मनभाषक वसाहतकरी भरपूर बटरची, गोल, खुसखुशीत कुकी भाजत, आणि आजच्या शुगर कुकीचं मूळ तीच, असं या भागात मानलं जातं. २००१ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून नाझरेथच्या या कुकीला पेनसिल्व्हेनियाची कुकी म्हणून गौरवलं.

हे सगळं पेनसिल्व्हेनियातच का रुजलं, याचं कारण धर्मात आहे. उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पंथीयांचं राज्य होतं. नाताळ साजरा करणं त्यांना बायबलबाह्य वाटे. १६५९ ते १६८१ या काळात तिथे नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कायदा उठला तरी कल तसाच राहिला. बोस्टनकडची दुकानं नंतरही कितीतरी वर्षं २५ डिसेंबरला उघडी असत. जर्मन वसाहतकऱ्यांनी मात्र झाड, मेणबत्त्या आणि साच्याने कापलेली बिस्किटं हे सगळं जहाजातून बरोबर आणलं आणि न्यूयॉर्कच्या डच घरांनीही आपलं भाजकाम सोडलं नाही. नाताळ ही केंद्र सरकारची अधिकृत सुट्टी झाली ती १८७० साली. तोवर पेनसिल्व्हेनियातल्या घरांत या कुकीजच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या.

छापील कृती हवी असेल तर १७९६ पर्यंत मागे जाता येतं. त्या वर्षी हार्टफर्डमध्ये अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ प्रसिद्ध झालं. अमेरिकन लेखकाने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक. मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःची ओळख ‘अनाथ’ अशी दिली आहे. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे: तीन पौंड पीठ, दीड पौंड साखर, एक पौंड बटर आणि चहाचा कपभर धन्यांची बारीक पूड. मराठी वाचकाने या कपभर धन्यांपाशी क्षणभर थांबावं. गोड पदार्थात धने ही त्या काळच्या युरोपीय स्वयंपाकातली रुळलेली गोष्ट होती. पीठ फुलवण्यासाठी सिमन्सबाई ‘पर्लअॅश’ घालायला सांगतात, म्हणजे लाकडाची राख धुऊन, आटवून, शुद्ध करून मिळवलेला क्षार. या क्षाराला त्या काळी एवढं महत्त्व होतं की अमेरिकन सरकारने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, तो तयार करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होतं आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. कुकीज भाजल्यावर कडक लागल्या तरी मातीच्या भांड्यात भरून ठेवाव्या, सहा महिन्यांनी त्या मऊ आणि अधिक चांगल्या होतात, असंही बाई सांगतात.

साचे आले ते पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून. पेनसिल्व्हेनियातले जर्मन कारागीर उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून हृदय, पक्षी, घोडा, हरीण असे आकार करत आणि पाठीला सपाट पत्रा डाग देऊन जोडत. असे जुने साचे आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतून कारखान्यात बनलेले स्वस्त साचे आले, पुढे अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक. तरी घरात आजीचा एखादा वाकडा झालेला पत्र्याचा तारा असतोच, आणि पहिली कुकी त्याच्याने कापण्याचा मान कुणाचा यावर भावंडांची दरवर्षी चर्चा होते.

प्रत्यक्ष काम सकाळी सुरू होतं. अमेरिकन पाककृती वजनावर नव्हे, कपावर चालते. १८९६ साली बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकातून सपाट भरलेल्या कपाचं आणि चमच्याचं माप घराघरांत पक्कं केलं. एक कप म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर. साधारण प्रमाण असं: तीन कप मैदा, एक कप साखर, एक कप बटर. बटरच्या कांड्या मिळतात, त्यातल्या दोन म्हणजे एक कप, सुमारे २२७ ग्रॅम. मऊ बटर आणि साखर आधी फिकट होईपर्यंत फेसायची, मग अंडं आणि व्हॅनिला, शेवटी मैदा. गोळा चपटा करून, गुंडाळून, तास-दोन तास फ्रिजमध्ये.

मुलांना हा थांबा सोसवत नाही, पण सगळी मेख त्यातच आहे. बटर थंड आणि घट्ट असलं की ओव्हनमध्ये ते सावकाश वितळतं आणि तोवर पिठाची कड बसलेली असते. गार न करता घाईने भाजलं तर हरणाचे पाय एकमेकांना चिकटतात. बेकिंग पावडर कमी घालतात तीही आकार फुगू नये म्हणूनच. पीठ पाव इंच जाड लाटतात. शहाणी घरं ते दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटतात, म्हणजे वरून मैदा शिंपडावा लागत नाही. कातरण पुन्हा मळून लाटलं की पोळी चिवट होते, त्यामुळे साचे एकमेकांना खेटून मांडायला मुलांना शिकवावं लागतं. ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १७५ सेल्सियसच्या आसपास. आठ ते दहा मिनिटं. कडा तांबूस व्हायच्या आत ताटली बाहेर.

पूर्वीची मोठी मजा कच्चं पीठ चाटण्यात होती. तिला आता आया आवर घालतात. कारण फक्त अंड्यातला सॅल्मोनेला नाही. मैदाही कच्चाच असतो, आणि २०१६ साली मैद्यातून ई-कोलाय जंतूंची लागण अनेक राज्यांत पसरल्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने कच्चं पीठ खाऊ नका असं स्पष्ट बजावलं. हा इशारा मानावा असाच आहे. भाजलेली पहिली कुकी गरम गरम हातात मिळण्यातही आनंद काही कमी नसतो.

दुपारनंतर रंगकाम. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घोटून केलेलं रॉयल आयसिंग वाळल्यावर कडक होतं. आता बहुतेक जण अंड्याऐवजी वाळवलेल्या पांढऱ्याची पूड, मेरिंग पावडर, वापरतात. आयसिंग दोन प्रकारचं लागतं. घट्ट आयसिंगने कोनातून कडेची रेघ ओढायची आणि तिच्या आत पातळ आयसिंग सोडायचं. ते आपोआप पसरून सपाट होतं, कुठे बुडबुडा राहिला तर दातकोरणीने फोडायचा. पातळपणाची पारख सोपी आहे: आयसिंगमध्ये सुरीने ओढलेली रेघ पंधरा-वीस सेकंदांत मिटली पाहिजे. मग रात्रभर वाळवण. लहान मुलं यातलं काहीच पाळत नाहीत. एका चांदणीवर तीन रंग आणि मूठभर साखरदाणे ओततात, आणि त्या चांदण्या घरात सगळ्यात आधी उचलल्या जातात.

या साखरदाण्यांची चकाकी बऱ्याचदा लाखेची असते. वेष्टनावर ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ लिहिलेलं असतं. ही लाख किड्यांपासून मिळते आणि तिच्या उत्पादनात भारत, त्यातही झारखंड, आघाडीवर आहे. पक्क्या शाकाहारी घरांनी हे वेष्टन वाचलेलं बरं. चंदेरी गोळ्यांचं प्रकरण वेगळं आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपल्याकडे बिनदिक्कत खाल्ला जातो. अमेरिकेत मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या गोळ्या खाद्य मानल्या जात नाहीत, ‘फक्त सजावटीसाठी’ अशी सूचना छापूनच विकल्या जातात. लाल रंगाचीही आता फेरतपासणी झाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाशी संबंध आढळल्याने ‘रेड नंबर ३’ हा रंग सौंदर्यप्रसाधनांतून १९९० मध्येच गेला होता. खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत मिळाली. पस्तीस वर्षं हा फार लांबलेला काळ आहे, तेही मुलांच्या खाऊच्या बाबतीत.

टंचाईतही या कुकीज थांबल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मे १९४२ मध्ये साखरेवर शिधाबंदी आली, ती जून १९४७ मध्ये उठली. बटरही १९४३ ते १९४५ मोजूनमापून मिळे. गृहिणींनी मध, काकवी, मक्याचा पाक आणि मार्गरिन वापरून डबे भरले, आणि त्यातले काही आघाडीवरच्या मुलांना गेले. सांताक्लॉजसाठी चोवीस तारखेच्या रात्री दुधाचा पेला आणि कुकीज ठेवण्याची पद्धत त्याआधीच्या, १९३० च्या दशकातल्या महामंदीत घरोघर पसरली असं सांगतात. हातात फारसं नसतानाही दुसऱ्यासाठी काढून ठेवावं, हे आईबापांना मुलांना शिकवायचं होतं.

भाजलेल्या कुकीज एका घरात संपणाऱ्या नसतात. ‘कुकी एक्स्चेंज’ला शेजारणी किंवा कचेरीतले सहकारी जमतात, प्रत्येकाने एकाच प्रकारच्या कित्येक डझन आणायच्या आणि जाताना सगळ्यांच्या थोड्याथोड्या न्यायच्या. टपाल आणणाऱ्यालाही पुडा जातो, दिवाळीत पोस्टमनला पोस्त द्यावी तसा. टपाल खात्याचा यावर नियमच आहे: रोख रक्कम घ्यायची नाही, एका प्रसंगी वीस डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालेल, एका ग्राहकाकडून वर्षभरात पन्नास डॉलरपेक्षा जास्त नाही. शाळेत मात्र हा डबा बऱ्याच ठिकाणी चालत नाही. शेंगदाणा, सुका मेवा यांची तीव्र अॅलर्जी असणाऱ्या मुलांमुळे घटकांची यादी छापलेला, दुकानातलाच खाऊ आणा अशी सूचना येते.

घरच्या कुकीज विकण्यावर कित्येक राज्यांत निर्बंध होते. बेथलहेमपासून जवळ, डेलावेअर नदीपलीकडचं न्यूजर्सी त्यातलं शेवटचं. तिथे ऑक्टोबर २०२१ पासून घरी भाजलेले पदार्थ परवाना घेऊन विकता येऊ लागले. आता डिसेंबरमध्ये घरच्या ओट्यावरून मागणीप्रमाणे सजवलेल्या कुकीज पुरवणाऱ्या बायका दोन्ही काठांवर आहेत. एका सुबक कुकीला चार-पाच डॉलर हा भाव ज्यांना जास्त वाटतो, त्यांनी एकदा रात्रभर डझनभर कुकीजवर रेघा ओढून पाहाव्यात.

न्यूजर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियात मराठी कुटुंबं बरीच आहेत. दिवाळीचा फराळ आटोपून महिना होतो न होतो तोच शाळकरी मुलं कुकीजची मागणी करतात, आणि करंजीची कड कापणारं कातणं पुन्हा बाहेर निघतं. नागमोडी कडेची कुकी त्याने छान कापली जाते. अंडं न खाणाऱ्या घरांत त्याच्या जागी दोन-तीन चमचे दूध किंवा दही घालतात, आयसिंगही पिठीसाखर आणि दुधाचं करतात. बटरऐवजी तूप घ्यायचं तर जपून. अमेरिकन बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळपास नसतंच. म्हणून तूप कपाला पाऊण कपाहून थोडं जास्त, वर चमचाभर दूध, आणि गोळा फ्रिजमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायचा. एवढं केलं की तुपाच्या पिठातूनही चांदणीची पाचही टोकं शाबूत निघतात.