सोयूझ यानातील तिसरे आसन : मानवी अंतराळ प्रवासाच्या इतिहासातील एक प्रकरण

मानवी अंतराळ प्रवासाचा इतिहास बहुधा पहिलेपणाच्या नोंदींतून सांगितला जातो : पहिला मानव, पहिली स्त्री, चंद्रावरील पहिले पाऊल. तथापि यानांची रचना का व कशी बदलत गेली हे पाहू लागल्यास विक्रमांपेक्षा अपघात अधिक बोलके ठरतात. सोव्हिएत संघाच्या सोयूझ यानातील तिसऱ्या आसनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचेच विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

या आसनाची कथा सोयूझच्या आधीच सुरू होते. युरी गागारिन यांचे व्होस्तोक यान एकाच प्रवाशासाठी होते. अमेरिकेचे दोन आसनी जेमिनी यान उडण्यापूर्वी अधिक माणसे अवकाशात पाठविण्याची निकड सोव्हिएत राज्यकर्त्यांना भासली आणि व्होस्तोकच्याच गोलाकार कक्षात तिघांची सोय करून १२ ऑक्टोबर १९६४ रोजी वोस्खोद यान सोडण्यात आले. जागा वाढली नव्हती. म्हणून संकटकाळी प्रवाशाला बाहेर फेकणारे आसन काढले गेले आणि अंतराळपोशाखही वगळले गेले. मोहीम सुखरूप पार पडली. हे यश एका अर्थाने घातक ठरले, कारण पोशाखाशिवाय उड्डाण करता येते अशी धारणा त्यातून दृढ झाली.

सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या संस्थेत आखलेले सोयूझ मात्र मुळातूनच नवे यान होते. त्याचे तीन भाग आहेत : पुढे राहण्याचा व कामाचा कक्ष, मध्ये अवतरण कक्ष आणि मागे इंजिन व इंधन असलेला सेवा कक्ष. पृथ्वीवर परततो तो केवळ मधला भाग. उरलेले दोन वातावरणात जळून जातात. उष्णतारोधक कवच एकाच लहान कक्षाला पुरवावे लागत असल्याने वजनाची मोठी बचत होते. या बचतीची किंमत अशी की अवतरणापूर्वी तिन्ही भाग अचूकपणे विलग व्हावे लागतात. पहिल्याच समानव उड्डाणात, २४ एप्रिल १९६७ रोजी, पॅराशूट न उघडल्याने व्लादिमीर कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. विलगीकरणातील धोका मात्र चार वर्षांनी उघड झाला.

जून १९७१ मध्ये सोयूझ-११ मधून गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव्ह व व्हिक्टर पात्सायेव्ह सॅल्यूत-१ या पहिल्या अंतराळस्थानकावर गेले आणि तेथे तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिले. ३० जूनच्या पहाटे यान कझाकस्तानात व्यवस्थित उतरले. दार उघडले तेव्हा तिघेही आपापल्या आसनांवर निश्चेष्ट होते. कक्ष विलग होताना बसलेल्या धक्क्याने, जमिनीजवळ आल्यावरच उघडावयाची हवेची झडप सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर उघडली आणि आतील हवा निघून गेली. झडप हाताने बंद करण्याची सोय होती. परंतु त्यास लागणारा वेळ निर्वात स्थितीत शुद्ध टिकण्याच्या अवधीपेक्षा अधिक होता. अंगावर दाबयुक्त पोशाख असते तर तिघे वाचले असते. तिघांना पोशाखासह बसवावे एवढी जागा मात्र त्या कक्षात नव्हती.

पुढील समानव सोयूझ सप्टेंबर १९७३ मध्ये उडाले, तेव्हा त्यात दोघेच होते. दोघांच्याही अंगावर ‘सोकोल’ (ससाणा) नावाचा पोशाख होता आणि तिसऱ्या आसनाची जागा प्राणवायूपुरवठ्याच्या साधनांनी घेतली होती. हा बदल दिसतो त्याहून अधिक दूरगामी होता. १९७८ पासून मित्रराष्ट्रांचे अंतराळवीर सॅल्यूत-६ वर जाऊ लागले, तेव्हा यानात एक सोव्हिएत कमांडर व एक पाहुणा एवढेच बसत. अनुभवी अभियंत्यास जागाच नसे. बिघाड झाल्यास सारी भिस्त एकट्या कमांडरवर राही.

उपकरणांचे वजन घटवून व अंतर्भागाची फेरमांडणी करून सिद्ध झालेल्या सोयूझ-टी मालिकेने ही अडचण दूर केली. नोव्हेंबर १९८० मध्ये सोयूझ टी-३ मधून पोशाखधारी तिघे एकत्र उडाले. त्यांपैकी एक होते अभियंता गेनादी स्त्रेकालोव्ह. सप्टेंबर १९८३ मध्ये बायकोनूर येथे उड्डाणापूर्वीच अग्निबाणाला आग लागली, तेव्हा यानात व्लादिमीर तितोव्ह यांच्यासमवेत हेच स्त्रेकालोव्ह होते. सुटका अग्निबाणाने त्यांचा कक्ष वर ओढून दूर नेला आणि काही क्षणांतच मूळ अग्निबाणाचा स्फोट झाला.

त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, सोयूझ टी-११ सॅल्यूत-७ कडे निघाले. कमांडर युरी मालिशेव्ह व अभियंता स्त्रेकालोव्ह हे दोघेही त्यात होते. तिसऱ्या आसनावर, सोकोल पोशाखात, भारताचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा होते.