‘महावतार नरसिंह’ लहान मुलांना दाखवावा का?

अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचा सिनेमा, असं आपण धरूनच चालतो. जुलै २०२५ मध्ये आलेला, अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ मात्र तसा नाही.

नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत नरसिंह हे कुलदैवत आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीला दर्शनाला जाणंही होतं. त्यामुळे प्रल्हादाची गोष्ट मुलांनी आजीकडून ऐकलेली असते. पण ऐकताना मूल झेपेल तेवढंच डोळ्यांसमोर आणतं. पडद्यावर ते दिग्दर्शक ठरवतो. इथे प्रल्हादाचा छळ लांबतो आणि हिरण्यकश्यपूचा वध थेट दाखवला आहे.

सिनेमा कसा आहे?
नरसिंह प्रकट होतो तो शेवटचा भाग जबरदस्त आहे. त्याआधी काही ठिकाणी चेहरे आणि हालचाली व्हिडिओ गेमसारख्या वाटतात. लांबी दोन तासांहून जास्त आहे.

प्रमाणपत्र काय सांगतं?
२०२४ च्या नियमांनुसार ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले. त्या वयाखालच्या मुलांना बंदी नसते, निर्णय पालकांवर सोपवलेला असतो. सक्तीची बंदी फक्त ‘ए’ला, १८ वर्षांखालच्यांसाठी.

मग काय करावं?
आधी तुम्ही स्वतः शेवट पाहा. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर थिएटरपेक्षा घरी दाखवणं बरं. तिथे आवाज कमी करता येतो, आणि मूल घाबरलं तर सिनेमा थांबवून बोलताही येतं.