कागद नसलेली मुलं : भोर-वेल्ह्यातला एक संशोधन-प्रश्न

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या एका ज्युनिअरने मला विचारलं, "ताई, अमेरिकेतल्या 'ड्रीमर्स'सारखी मुलं आपल्याकडे आहेत का?"

ड्रीमर्स म्हणजे लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेली, पण तिथे राहण्याचा परवाना नसलेली मुलं. प्लायलर विरुद्ध डो या १९८२ च्या निकालाने अशा मुलांना सरकारी शाळेचा हक्क मिळाला. २०१२ च्या 'डाका' योजनेने काहींना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना दिला. नागरिकत्व मात्र दिलं नाही.

आपल्याकडची जवळची गोष्ट बघायची तर भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) इथल्या कातकरी वस्त्यांवर जा. ही मुलं परदेशी नाहीत, इथलीच आहेत. पण कोळशाच्या आणि वीटभट्टीच्या कामामागे घर हलत राहतं. जन्म एका जिल्ह्यात, शाळा दुसऱ्यात, आणि दहावी-बारावीला पोहोचल्यावर कळतं की पुढे सरकायला कागद नाही.

माझा विषय खरं तर झाडांचा. कोळशासाठी कोणती झाडं वापरतात, हे विचारायला मी गेले होते. फॉर्ममध्ये 'कागदपत्रे' असा रकाना होता. त्यात मी भराभर 'नाहीत' लिहीत सुटले. एका बाईने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत लसीकरणाचं कार्ड आणि मुलीचा शाळेचा दाखला. "हाय की कागद. पर चालत न्हाई म्हणत्यात." माझा रकानाच चुकला होता. 'कागद आहे का' यापेक्षा 'कागद कुठे अडतो' हे विचारायला हवं होतं.

अडण्याच्या जागा तीन आहेत.

पहिली, जन्मनोंद. १९६९ च्या कायद्यानुसार नोंद जन्म झाला तिथेच होते. मूल रायगडातल्या भट्टीवर जन्मलं, तर भोरला अर्ज करून उपयोग नाही. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायालयाऐवजी जिल्हा, उपविभागीय किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. पण २०२५ मध्ये, बांगलादेशी घुसखोरांना खोटे जन्मदाखले दिल्याच्या आरोपांनंतर, राज्यात उशिराच्या नोंदींची तपासणी कडक झाली. चाळणी एकासाठी लावली तरी तिच्यातून जावं सगळ्यांनाच लागतं.

दुसरी, शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून बऱ्याच मुलांचा पहिला सरकारी कागद म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली ओळ. अनुसूचित जमातींच्या यादीत 'काथोडी, कातकरी' अशी नावं आहेत. जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'हिंदू' लिहिलं, तर दहा वर्षांनी तोच दाखला अपुरा पडतो.

तिसरी, जमातीचा दाखला. इथे ६ सप्टेंबर १९५० या तारखेला कुटुंब कुठे राहत होतं, ते विचारतात. वडिलांचा दाखला निघालेला असेल तर मुलाचं काम सोपं होतं. तो नसेल तर आजोबांपर्यंत जावं लागतं, आणि आजोबांच्या नावावर ना जमीन, ना शाळा. शिवाय पुणे जिल्ह्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनच्या शिबिरांमुळे आधार आणि दाखल्यांचं काम वस्तीच्या जवळ आलं, हे चांगलं झालं. पण आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

आता 'बाहेरून आलेले' या शब्दाकडे बघा. घाटाखालचा सुधागड-पालीचा भाग १९४८ पर्यंत भोर संस्थानातच होता. म्हणजे पालीहून भोरला आलेला कातकरी तेव्हा एकाच राज्यात फिरत होता. आज तेच अंतर चालला तर तो परजिल्ह्यातला ठरतो. माणूस तिथेच राहिला, हद्द हलली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी करा. 'कागदपत्रे नाहीत' असा एकच रकाना ठेवू नका. कोणता कागद, कोणत्या टेबलावर, कशासाठी परत आला ते लिहा. मुलं अठराच्या आतली असतील तर पालकांची संमती घ्या आणि मुलांनाही विचारा. आणि कुणाच्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवून फिरू नका. आपल्याला तो डेटा असतो, त्यांच्याकडे तेवढी एकच प्रत असते.

मी फॉर्म बदलला आणि त्या वस्तीवर परत गेले. या वेळी 'नाहीत' एकदाही लिहावं लागलं नाही. प्रत्येक पिशवीत काही ना काही होतंच.