घटसर्पाच्या जिवाणूचे कवच

घटसर्प हा गाई-म्हशींचा, त्यातही म्हशींना अधिक झोडपणारा पावसाळी रोग. ताप १०६-१०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, घशाखाली गरम, दुखरी सूज येते, श्वासाची घरघर गोठ्याबाहेर ऐकू येते आणि काल चारा खाणारे जनावर आज आडवे होते. भीमा-घोडकाठच्या शिरूर, दौंड तालुक्यांत अनेक घरे दुधावर चालतात. तिथे पावसाळ्याआधी लस टोचून घेण्याचा आग्रह असतो तो यामुळे. ही लस पुण्यात औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत तयार होते. (माणसांतला घटसर्प, म्हणजे डिप्थीरिया, वेगळ्या जिवाणूचा.) जनावरांतला घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होतो आणि त्याच्या मारकपणात मोठा वाटा त्याच्या अंगावरच्या कवचाचा आहे.

कवच म्हटले तरी ते टणक नसते. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती फुगतो तसा तो बुळबुळीत थर असतो, बहुतेक जिवाणूंत शर्करेच्या लांब साखळ्यांचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळतात, पण आधी पकड मिळावी लागते. प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने जिवाणूला चिकटून ती पकड देतात. कवच नेमकी तीच हुकवते. पाश्चुरेलाच्या ए गटाची लबाडी त्याहून पुढची. त्याचे कवच हायल्युरोनिक आम्लाचे असते. हाच पदार्थ प्राण्यांच्या सांध्यांत आणि कातडीतही असल्याने शरीराला तो परका वाटतच नाही.

कवचावरूनच या जिवाणूचे ए, बी, डी, ई, एफ असे गट पाडले आहेत. आशियातला घटसर्प बी गटाचा, आफ्रिकेत ई गटही आढळतो. ऑस्ट्रेलियात बॉइस आणि अ‍ॅडलर यांनी २००० साली बी गटाच्या जिवाणूचे कवच जनुकीय बदलाने काढून टाकले, तेव्हा उंदरांतला त्याचा जोर ओसरला आणि भक्षक पेशी त्याला अधिक सहज गिळू लागल्या. मात्र गाईच्या रक्तद्रवातल्या पूरक प्रथिनांना हा उघडा जिवाणूही दाद देत नव्हता. तेव्हा सगळे श्रेय कवचाला देऊन चालत नाही.

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, या रोगात कवचाची गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. हे कवच शर्करेचे नसून ग्लुटामिक आम्लाचे असते आणि जनावराच्या शरीरात असतानाच तयार होते. फाशीचा संशय असलेले मेलेले जनावर फाडत नाहीत, कारण हवा लागली की जिवाणू बीजाणू धरतो आणि ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. कानाच्या टोकातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात आणि मिथिलीन ब्लूने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या, चौकोनी टोकांच्या काड्या आणि त्यांभोवती गुलाबी कवच दिसले की निदान पक्के. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात विष बनवणारा, पण कवच गमावलेला वाण शोधला. तो रोग करत नाही, प्रतिकारशक्ती मात्र देतो; जनावरांच्या फाशीची लस आजही मुख्यतः त्याचीच.

न्यूमोनियाच्या जिवाणूबाबत, न्यूमोकोकसबाबत, उपाय उलटा आहे: तिथे कवचच लशीत घालतात. अडचण अशी की नुसत्या शर्करेला दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडावी लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल लशीत हे प्रथिन म्हणजे डिप्थीरियाच्या विषाचे निरुपद्रवी रूप. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१९ मध्ये तिला मान्यता दिली. लशीत १० प्रकारची कवचे आहेत. न्यूमोकोकसचे ज्ञात प्रकार मात्र १०० पेक्षा जास्त. लशीने काही प्रकार मागे रेटले की उरलेल्यांपैकी एखादा त्यांची जागा घेऊ शकतो, म्हणून कोणत्या भागात कोणते कवच फिरते आहे यावर लस सुरू झाल्यावरही नजर ठेवावी लागते.